जोडीतला एक स्पीकर

जवसाच्या तेलाचा बोळा फिरवला की स्पीकरच्या जुन्या सागवानी पेटीवर लाकडाच्या रेषा उजळतात. वाटणीच्या वेळी दादा म्हणाला होता, “जोडी तूच ठेव.” मला त्यात डाव दिसला. “उपकार नकोत. एक तुझा, एक माझा.” तो नुसतं “बरं” म्हणाला. मी जन्मभर घासाघीस करून उभा राहिलो. सख्ख्या भावानं थोडं तरी ताणून धरायला हवं होतं, हा राग अजून गेलेला नाही. दादा गेला. त्याचा स्पीकर वहिनीनं भंगारात दिला.

पेटी आता नवी दिसते. दोन स्पीकरांत आवाज वाटून देणारी स्टिरिओ रेकॉर्ड लावली, तर हिच्यातून नुसता तबला येतो.

“गाणं कधी सुरू होणार?” बायकोनं आतून विचारलं.

गाणं दादाच्या स्पीकरमधून यायचं. मी बोळा पुन्हा तेलात बुडवला.