मोहाला मालक असतो

लोक मला सरहद्दीवरचे किस्से विचारतात. माझ्या मनात मात्र मेळघाटच बसलाय. तेल्हाऱ्याला आमच्या घरामागून दिसणारा तोच डोंगर. मी तेव्हा हवालदार होतो. एप्रिलमध्ये वणवा पेटला आणि मुलकी प्रशासनाच्या मदतीला आमची तुकडी निघाली.

ढाणा म्हणजे वीसेक कोरकू घरं. दरीपलीकडे गवळ्यांचे गोठे. त्यानंतर मैलोनमैल वस्ती नाही. कोरकू मोहाची फुलं वेचून वाळवतात, गवळी खवा आटवतात. एकमेकांच्या दारात अदलाबदल होते आणि पावसाळा त्यावरच निघतो. आमचं काम पाणी पोचवणं आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायची पट्टी, मोकळी करणं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारं ढाण्याकडे वळलं. सुभेदारसाहेबांचा हुकूम आला, "मोहाखालचा पाला आत्ताच जाळा. आग इथं पोचली की तिला खायला काही उरू नये."

ढाण्यातली माणसं झाडांखाली बसून राहिली.

"झाडं फुलाबाईची हायेत," म्हातारे भुराजी म्हणाले. "ती गवळ्याकडे गेली. फुलं जळतीन. तिले इचारा."

"अहो, मग फुलं उचला ना!"

"दुसऱ्याच्या झाडाखालचं आमी उचलत नाई."

बाप्पा! डोकं आपटून घ्यावं वाटलं. आग समोर अन् इथं परवानगी! पण म्हाताऱ्या माणसांना हात धरून ओढायचं तरी कसं? लान्सनायक सुधाकर, वलगावचा, आमच्यात सगळ्यात चपळ. "मी जाऊन येतो, उस्ताद," म्हणाला आणि दरी उतरला.

थोड्या वेळानं वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला. "बाई भेटली. जाळा म्हणते. ओव्हर."

आम्ही पाला पेटवला. ढाणा वाचला. फुलाबाई गवळ्यांकडेच थांबली, सुधाकर परत निघाला. तेवढ्यात वारं फिरलं आणि वणवा दरीत घुसला.

"सुधाकर, वर येऊ नको. नाल्यात जा."

"नाला कोरडा हाय, उस्ताद. धूर लय हाय. काई दिसून नाई राहिलं."

"बोलत राहा."

पुढं सेट बोललाच नाही. माझ्याजवळ जवान होते, पाण्याचा टँकर होता, कशाचा काही उपयोग नव्हता. सुभेदारसाहेबांनी माझा दंड धरून ठेवला नसता तर मीही उतरलो असतो. मी सगळ्यांसमोर रडलो. त्याची मला लाज नाही. आग निवल्यावर आम्ही त्याचा देह नाल्यातून वर आणला.

फुलाबाईनं आपल्या झाडांतला एक मोह सुधाकरला दिला, साऱ्या ढाण्यासमोर. पेन्शनीत आल्यापासून मी दर उन्हाळ्यात तिथं जातो. त्या झाडाखाली फुलं पडून तशीच सडतात. यंदा भुराजींना म्हणालो, "कावून वाया घालवता? उचला न."

"त्याले इचारून सांगा," भुराजी म्हणाले. "मंग उचलतो."