आत्याचा लोडर आणि अकरा झाडं

माझ्या आत्याने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि ट्रॅक्टर घेतला. विमा कार्यालयात एकोणीस वर्षं फाइली लावल्यावर एका सोमवारी तिने साहेबांना सांगितलं, "आता मी झाडं लावते." साहेबांना ती थट्टा वाटली. पुढच्या सोमवारी तिची खुर्ची रिकामी होती, तेव्हा त्यांना खरं वाटलं.

तिची रोपवाटिका इतरांसारखी नव्हती. हातभर रोपं सगळेच विकतात. आत्या झाडं मोठी करून विकायची. आठ-दहा वर्षं लाकडी पेटीत वाढवलेलं, खोड मनगटाहून जाड झालेलं झाड. "लोकांना सावली आज हवी असते," ती म्हणायची, "आणि पाणी घालायला कोणाला वेळ नसतो. मधली वर्षं मी विकते."

ट्रॅक्टर छोटा होता, कारण पेट्यांच्या रांगांमधली वाट जेमतेम पाच फुटी होती. त्याच्या पुढे लोडर: दोन लोखंडी हात, हातांना बकेट, आणि बकेट काढून बसवायचे दोन काटे. काटे पेटीखाली सरकवायचे, दांडी ओढायची, सिलिंडरमधल्या तेलाच्या दाबाने हात वर. मध्यम आकाराच्या पेट्या तो खेळण्यासारख्या उचलायचा.

एके दिवशी एक मुख्याध्यापिका आल्या. शाळेची नवी इमारत झाली होती आणि पटांगणात गवताची काडी नव्हती. त्या सबंध वाटिका फिरल्या आणि मागच्या कुंपणापाशी शिरीषाच्या अकरा झाडांसमोर थांबल्या.

"ही सगळी हवीत. शाळा उघडायच्या आत."

"ही अजून कोणी मागितली नव्हती," आत्या म्हणाली.

"लहान रोपं लावली तर सावली पडेपर्यंत आमच्या मुलांना मुलं होतील."

आत्याने हो म्हणून टाकलं. बाई गेल्यावर ती ट्रॅक्टर घेऊन पहिल्या शिरीषापाशी गेली, काटे घातले, दांडी ओढली. इंजीन कण्हलं, कुठूनतरी शिट्टी वाजली, आणि पेटी जागची हलली नाही. पाइपांवरून सरकवत ती पेटी शेजारच्या भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर नेली. तीनशे नव्वद किलो. पुस्तिकेत लोडरची ताकद लिहिली होती साडेतीनशे.

"मोठा ट्रॅक्टर भाड्याने आण," आतोबा म्हणाले. आतोबा म्हणजे आत्याचा नवरा. गाद्या-पडदे शिवण्याचं त्यांचं दुकान होतं. माणूस मोजकं बोलणारा आणि अघळपघळ देहाचा.

"अहो, वाट पाच फुटांची आहे. मोठा ट्रॅक्टर आत आला तर झाडं राहतील का?"

तेवढ्यात माझे बाबा आले, आणि खऱ्या गोष्टीला सुरुवात झाली.

बाबा घड्याळजी. ज्या वस्तूला स्क्रू आहे ती आपल्या अखत्यारीत येते, असा त्यांचा ठाम समज. त्यांनी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, शिट्टी कुठून येते ते कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "सोपं आहे. ही शिट्टी म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. आत स्प्रिंग असते. दाब वाढला की ती मागे सरते आणि तेल परत टाकीत सोडते. स्प्रिंगमागे दोन वॉशर घातले की ती कडक होईल, दाब वाढेल, पेटी उचलेल."

"दादा, नक्की ना?"

"अगं, मनगटावरच्या घड्याळात याच्या शंभरपट नाजूक स्प्रिंग बसवतो मी."

दोन वॉशर घातले. मग बाबांना वाटलं, दोनाने काय होणार? आणखी दोन घातले. आत्याने दांडी ओढली. यावेळी शिट्टी वाजली नाही. पेटी खरोखर वीतभर उचलली गेली. बाबांनी आमच्याकडे पाहून टाळीसाठी हात वर केला, आणि त्याच क्षणी डाव्या बाजूचा होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, फुटला. पेटी धप्पकन खाली आली आणि बाबा पांढऱ्या सदऱ्यासकट डोक्यापासून पायापर्यंत तेलाने न्हाले. चष्म्यावरून तेल निथळत असताना ते म्हणाले, "होज जुना होता."

आत्याने इंजीन बंद केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली उतरून सांडलेल्या तेलावर माती टाकू लागली. बाबांना ते जास्त लागलं. ते घरी गेले ते आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, "घड्याळं पडली आहेत."

बाजाराच्या मागच्या गल्लीत यंत्रांचे तेलाचे सिलिंडर दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे थेंबमास्तर म्हणत. दुरुस्त केलेला सिलिंडर ते दाब देऊन वर्तमानपत्रावर ठेवत, आणि तासाभरात कागदावर तेलाचा एक थेंब जरी दिसला तरी पुन्हा उघडत. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरीही.

आत्याने बोलावल्यावर थेंबमास्तर आले. फुटका होज त्यांनी हातात घेतला, मग व्हॉल्व्ह उघडून चार वॉशर तळहातावर ओतले.

"हे कोणाचं डोकं?"

"माझ्या भावाचं."

"भाऊ धडधाकट आहेत ना?"

"आहेत. सदरा गेला."

"सदऱ्यावर निभावलं, ताई. या दाबाचं तेल बारीक भोकातून निघालं ना, तर सुईसारखं कातडीत शिरतं. गळतीवर हात ठेवला म्हणून बोट गमावलेला माणूस मी पाहिलाय. आणि आकडा न बघता दाब वाढवायचा म्हणजे डोळे मिटून गाडी चालवायची."

आत्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि बाबांचे दोन्ही हात उलटसुलट करून नीट बघितले. एकही जखम नव्हती. मग तिने दहा मिनिटं त्यांना मनसोक्त झापलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चहा घेणार?" भांडण मिटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नवा होज बसवला आणि नळीत दाब मोजणारा गेज लावला. काटा एकशे अडतीसवर येऊन थांबला. पुस्तिका सांगत होती एकशे पासष्ट.

"बघा," मास्तर म्हणाले, "तुमच्या यंत्राची ताकद कमी नव्हती, मरगळलेली होती. स्प्रिंग थकली आहे. कंपनीने सांगितलंय तिथपर्यंत न्यायची. त्याच्या वर एक रेघही नाही. पंप तेवढ्यासाठीच केलाय."

स्प्रिंग नवी घातली. आता दाब जुळवणारा स्क्रू अगदी केसभर फिरवायचा होता, आणि मास्तरांचा हात वयाने थरथरत होता. त्यांनी एकदा फिरवला, काटा पुढे गेला. मागे घेतला, फार मागे आला. बाबा दोन हात लांब उभे होते, तोंडाला कुलूप लावून. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"दादा, इकडे ये. मास्तर सांगतील तेवढंच फिरव. तेवढंच हं."

बाबांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. मास्तर गेजकडे बघत सांगत गेले, "किंचित. अजून किंचित. बस्स." काटा एकशे पासष्टवर असा थांबला की जणू तिथेच जन्मला होता.

"हात चांगला आहे," मास्तर म्हणाले. बाबांनी हे वाक्य पुढे आम्हाला किमान चाळीस वेळा ऐकवलं.

लोडर आता पुस्तिकेतले साडेतीनशे उचलू लागला. शिरीष मात्र अजून जमिनीलाच चिकटलेला. दाब वाढवायची वाट बंद होती. मास्तरांनी खडूने फरशीवर दोन वर्तुळं काढली, एकात एक.

"दाब तोच ठेवायचा, पण तो ज्याच्यावर बसतो ती सिलिंडरमधली चकती मोठी करायची. आत्ता सिलिंडरचा आतला व्यास चाळीस मिलिमीटर आहे. पंचेचाळीस केला तर ताकद सव्वापट."

"पाच मिलिमीटरने सव्वापट?" आत्याला खरं वाटेना.

बाबांनी कागदावर गुणाकार केला. "पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस, दोन हजार पंचवीस. चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे. बरोबर आहे गं."

"मग साठच करा की!"

"करतो. मग लोडरचे हात वाकतील, पुढचा आस मोडेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल," मास्तर शांतपणे म्हणाले. "पंचेचाळीस. लांबी तीच, पिनांची भोकं तीच. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो. चकती मोठी म्हणजे तेल जास्त लागणार. वर जायला पूर्वीपेक्षा वेळ लागेल."

"लागू दे. झाडाला दहा वर्षं लागली, त्याला चार सेकंदांची काय घाई!"

सिलिंडर तयार व्हायला बारा दिवस लागले. मास्तरांनी ते आणले तेव्हा सोबत दोन वर्तमानपत्रंही आणली, कोरडी ठणठणीत.

चाचणीला आम्ही सगळे हजर होतो. आत्या सीटवर बसली, दांडी ओढली. पेटी सावकाश, पण ठामपणे वर निघाली. गुडघ्यापर्यंत आली. बाबा टाळी वाजवणार तोच ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवरून सुटली. सबंध यंत्र पुढे कलून वाकून नमस्कार करू लागलं, आणि आत्या वर, पाय अधांतरी.

"दांडी सोडू नका! हळू खाली घ्या!" मास्तर ओरडले.

आतोबांना दांडी, दाब, व्यास यातलं काही कळत नव्हतं. बायको हवेत आहे एवढं कळलं. मास्तर "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी धाव घेतली आणि ट्रॅक्टरच्या मागच्या आडव्या दांड्यावर आपला सगळा भार टाकला. चाकं अलगद खाली टेकली. आत्याने पेटी उतरवली.

"लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या वजनाचा उपयोग झाला," आतोबा म्हणाले.

आत्या आधी हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. खाली उतरून ती नुसतीच त्यांच्या शेजारी त्या दांड्यावर बसली. मास्तरांनी मुद्दाम पाठ फिरवून अवजारं गोळा केली.

"चूक माझी," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मागचं वजन आधी बांधायला हवं होतं. पुढे जेवढं उचलाल, त्याला मागे जोड हवी. तुमच्या यजमानांना काही रोज बांधता येणार नाही."

मग लोखंडी चौकटीत काँक्रीट ओतून तीनशे किलोचा ठोकळा केला आणि मागे कायमचा अडकवला. चाकं पुन्हा कधी सुटली नाहीत. तरी मास्तरांनी नियम घालून दिला: पेटी ट्रकशी पोहोचेपर्यंत जमिनीपासून वीतभरच वर, आणि उतारावर वळायचं नाही.

शाळा उघडायला चार दिवस उरले होते. दोन दिवसांत दहा झाडं गेली. पाच फुटांच्या वाटेतून आत्या असा ट्रॅक्टर काढायची की पानसुद्धा घासायचं नाही. शाळेच्या पटांगणात मुख्याध्यापिका खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक झाड खड्ड्यात उतरलं की वहीत खूण करत होत्या.

अकराव्या झाडाने हट्ट धरला. तेच सगळ्यांत डेरेदार. काटे घातले, दांडी ओढली, आणि व्हॉल्व्हची शिट्टी. पुन्हा ओढली, पुन्हा शिट्टी.

"पेटी ओली लागतेय," पेटीच्या फळीवर हात फिरवत आत्या म्हणाली. "याला पाणी कोणी घातलं?"

बाबा पुढे आले. "मी. सकाळी. म्हटलं, बिचारं लांब चाललंय, तहान लागेल."

"किती?"

"सात-आठ बादल्या."

"म्हणजे पेटी तेवढ्या पाण्याने जड झाली!" आत्याने कपाळावर हात मारला. मग बाबांनी भिंग काढलं. "केसभरच फिरवतो. दाब पाचने वाढला तर यंत्राला कळणारही नाही. एकच झाड आहे."

मुख्याध्यापिकांचा फोन येऊन गेला होता, ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. आत्या सीटवर बसून होती, हात दांडीवर. मला वाटलं, आता हो म्हणेल.

"नको," ती म्हणाली. "ते भिंग खिशात ठेव. पाणी उतरू दे. परवा नेऊ."

"शाळा परवा उघडते!"

"मग मुलं येतील तेव्हा मी खड्ड्यापाशी असेन. बघतील."

ट्रकवाला बडबडत गेला. फोनवर मुख्याध्यापिका जरा तोडून बोलल्या. आत्याने सगळं ऐकून घेतलं, आणि जेवून चक्क झोपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी विनातक्रार उचलली गेली. शाळेच्या फाटकात आम्ही पोहोचलो तेव्हा सहाशे मुलं ओळीत उभी होती. ट्रकमागून ट्रॅक्टर आत आला, झाड हळूच, अगदी हळूच खड्ड्यात उतरलं, आणि मुलांनी जो गलका केला त्यात मुख्याध्यापिकांचं स्वागताचं भाषण बुडालं. त्यांनी ते आवरतं घेतलं.

दहा-बारा दिवसांत अकराही झाडांनी पानं टाकली. शिरीषाला हलवलं की असं होतं, आत्या सांगत राहिली, पण तिलाही धाकधूक होती. रोज संध्याकाळी ती शाळेत जायची, नखाने खोडाची साल जराशी खरवडून आत हिरवं आहे का बघायची. पाचव्या आठवड्यात दहा झाडांना पालवी फुटली. एक गेलं. तिसरं, भिंतीकडचं. आत्याने त्याच्या जागी दुसरं आणून लावलं, मागच्या रांगेतलं, जरा ठेंगणं. पहिलीच्या मुलांनी ते लगेच आपलं म्हणून टाकलं, कारण त्याच्या खालच्या फांदीला त्यांचा हात पोहोचत होता.