फुलं होऊ देत आधी

"थांब, ही अजून कडक आहे," असं म्हणत काकू पिओनीची कळी दोन बोटांत हलकेच दाबून बघायच्या. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, त्या आमच्या शेजारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूर सिॲटलला. अंगणात पिओनीची झुडपं, फुलं गुलाबी, पाकळ्यांनी गच्च, आणि वास असा की कुरिअरवालासुद्धा दारात रेंगाळायचा.

कळी मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली की कापायची, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये आडवी ठेवायची. दोन-तीन आठवड्यांनी पाण्यात ठेवली तरी फुलते. तुम्ही त्यांचा फ्रिज बघायला हवा होतात! दूध कोपऱ्यात कोंबलेलं, बाकी सगळ्या कळ्याच.

"अहो काकू, जेवता काय?"

"तुझ्याकडे येते ना!"

मे संपताना एकदा कळ्या कापता कापता त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या काखेखाली ठेवला. "हे कडक लागतं का गं?"

लागत होतं. गाठच होती.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"अपॉइंटमेंट होती, कॅन्सल केली. फुलं होऊ देत आधी. आणि मुलाला सांगशील तर बघ, माझ्या गळ्याची शपथ आहे."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेते. पण शपथ मोडली आणि काकूंना खरंच काही झालं तर? या भीतीने मी बावळटासारखी गप्प बसले. रोज खिडकीतून बघायचे. कात्री धरलेला हात वर नेताना त्या मध्येच थांबायच्या.

सोळाव्या दिवशी राहवेना, मुलाला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो आला.

हॉस्पिटलमध्ये काकू माझा हात सोडेनात. बोटं गार पडलेली. "फुलांचं नुसतं निमित्त गं. फार घाबरले होते मी."

मुलाने मला विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

मी काकूंकडे पाहिलं.

"परवाच सांगितलं मी तिला," काकूच बोलल्या, माझ्याकडे न बघता.

नोव्हेंबरात काकू गेल्या. मुलगा अजून फोन करतो. दर वेळी म्हणतो, "तुम्ही लगेच सांगितलंत, म्हणून तेवढे महिने तरी मिळाले." मी "हो रे" म्हणते, आणि तो पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवते.