दोन बोटांची जागा

टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत नाना आधी दोन बोटं घालायचे, मग माणसाशी बोलायचे. तुम्ही ट्रॅक्टर घेऊन जा, ट्रक घेऊन जा, नुसता पत्ता विचारायला मोपेड उभी करा, वाकून उजव्या हाताची दोन बोटं त्या फटीत सरकायचीच. "शेत. दोन बोटं शेत," असं (शेत म्हणजे अहिराणीत आहेत) स्वतःलाच सांगून झालं की मग तुम्हाला रामराम. मोजपट्टीही खिशात असायची, पण ती पाठ खाजवायला.

धुळ्याला आग्रा रोडवर स्पेअर पार्टच्या एका दुकानात मी नोकरीला होतो, आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नानांचं गॅरेज होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्याआधी तीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टरांशिवाय काही केलं नव्हतं. गावोगावचे शेतकरी भाकरी बांधून यायचे आणि ट्रॅक्टर नीट होईपर्यंत निंबाखाली झोपायचे. नानांचा हात लागल्याशिवाय कोणी जायला तयार नसायचं.

मग ती गाडी आली आणि सगळं बिघडलं.

आमच्याकडच्या एका जिनिंगवाल्या मारवाडी शेठच्या थोरल्या भावाने हौसेने मुंबईहून आणलेली ती परदेशी स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, बसल्या म्हशीसारखी जमिनीला टेकलेली. भाऊ वारला आणि गाडी वखारीत सरकीच्या पोत्यांमागे पडून राहिली. तिची पुढची चाकं लहान आणि मागची मोठी, रुंद. कारखान्यातूनच तशी. चारही टायर कुजले होते आणि मागच्या मापाचा टायर मुंबईला मिळेना, इंदूरला मिळेना. शेठला वखार मोकळी करायची होती. नाना म्हणाले, मी बघतो.

सगळ्यांनी शहाणपण शिकवलं की चारही चाकं सारखी टाका. तेही करून पाहिलं. जीपची चाकं पुढे बसवली, तर स्टिअरिंग वळवलं की टायर पत्र्याला घासे. लहान चाकं मागे लावली, तर गाडीचं पोट रस्त्याला टेके. शेवटी नानांनी ठरवलं की पुढे टॅक्सीची लहान, मागे जीपची मोठी. जीपच्या रिंगला भोकं पाच आणि गाडीला चार, म्हणून मध्ये बसवायच्या जाड चकत्या त्यांनी लेथवर स्वतः कातल्या. चार वेळा चुकल्या, पाचव्यांदा बसल्या.

"मांगला दोन्ही बराबर पाहिजेत," ते मला समजावत. "पुढला ल्हाना ऱ्हायनात तरी चालस. ट्रॅक्टर नही चालस का?"

गाडी चालू लागली, पण मागून इतकी उचललेली की देवपुरातल्या कॉलेजच्या पोरांनी तिचं नाव टोळ ठेवलं. मोठ्या चाकांमुळे काटा चाळीस दाखवायचा तेव्हा गाडी पन्नासला असायची. "काटा बी म्हातारा व्हयना," नाना म्हणायचे. ह्या सगळ्यात पाच वर्षं गेली. निंबाखालचे शेतकरी एकेक करत दुसऱ्या गॅरेजला गेले. नानांना त्याचं काही वाटत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांनी बनवलेलं दुरुस्त केलं, हे एकच काम त्यांच्या स्वतःच्या डोक्यातलं होतं.

दर गुरुवारी, दुपारच्या वेळी, ते गाडी दुकानासमोर उभी करायचे. "चाल, बस बाजूले. एक चक्कर मारूत."

"नाना, गिऱ्हाईक आहे," मी म्हणायचो. ते मान डोलवून एकटेच जायचे. दर वेळी एकटेच.

शेवटी शेठ कंटाळले. त्यांनी सांगून टाकलं, "नाना, दसऱ्याला मी बाजूला बसतो. ललिंगचा घाट चढली तर गाडी घरी ठेवू, नाही तर भंगारात."

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली, लिंबू फोडलं. नानांनी दोन्ही बाजूंना बोटं घालून पाहिली आणि मग शेठ बसले. शेठ म्हणजे चांगलं भरलेलं शरीर. मी मोपेडवर मागोमाग होतो. घाटाच्या पहिल्याच चढावर रबराचा वास आला. मी ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? दुसऱ्या वळणावर डावीकडच्या मागच्या चाकातून धूर निघाला, बार झाला आणि गाडी फरफटत मातीत जाऊन थांबली. लागलं कोणालाच नाही.

नाना उतरले. शेठ अजून आतच, घामाघूम. नानांनी वाकून उजवीकडच्या धड चाकाला हात लावला. एक बोटसुद्धा आत जाईना. ते तसेच वाकलेले राहिले.

"ट्रॅक्टरले मांगे स्प्रिंगच नही ऱ्हास," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मन्हा ध्यानमाच नही उनं."

ट्रॅक्टरवर माणूस बसो की डोंगर, मागचं मडगार्ड खाली येत नाही. ही गाडी वजनाने बसत होती, आणि दुसरं वजन तिने कधी पाहिलंच नव्हतं. मडगार्डची कड छिन्नीने इंचभर कापली असती तर झालं असतं. अर्ध्या तासाचं काम. नानांनी शेठपुढे हात जोडले, "आठ दिन द्या." शेठ धडपडत गाडीतून उतरले. ते म्हणाले, "नाना, दसरा झाला."

दिवाळीच्या आत गाडी तोडली गेली. नानांनी शेड उघडणं सोडलं. उघडून तरी कोण येणार होतं? दोंडाईच्याहून मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली.

दोन वर्षांनी दुकानाच्या कामाने दोंडाईच्याला गेलो तेव्हा त्यांना भेटलो. ती शेवटची भेट. ओट्यावर बसले होते, हात इतके स्वच्छ की मला बघवेनात. इकडचं तिकडचं संपलं आणि माझ्याने राहवेना. म्हणालो, "नाना, मी एकदा तरी बसलो असतो, तर तुम्हाला तेव्हाच कळलं असतं."

"तू कसा बसता भाऊ?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "लोके हासतस ना."

म्हणजे गिऱ्हाइकाची सबब त्यांना पहिल्या गुरुवारपासून ठाऊक होती. तरी ते दर आठवड्याला येऊन विचारत राहिले.

मुलीने चहा आणला. नाना ओट्यावर जरा सरकले, मला बसायला जागा केली. मी उभ्यानेच चहा प्यायलो आणि पॅसेंजरची वेळ झाली म्हणून निघालो. पॅसेंजरला अजून दीड तास होता.