अर्धी विहीर वाडीची, अर्धी ठेकेदाराची

आमच्या मुरबाडकडच्या वाडीत बैठकीची एक रीत होती. कुणाला तोंडावर 'नाय' म्हणायचं नाय. विहिरीचं ठरवायला बसलो तेव्हा मी मॅट्रिकला आपटून घरीच होतो आणि माझा धंदा एकच, लोकांच्या नकला. ठेकेदार जागा बघून गेला नि त्याचं नाकातलं बोलणं माझ्या तोंडात आलं. "मुरूम लागला तर असं, कातळ लागला तर तसं. धरतरीच्या पोटातलं धरतरीला ठाव, बाबा." बैठक हसून लोळली.

मोठा भाऊ तेवढा हसला नाय. वहिनी पोटुशी होती. ओढ्याची वाळू उकरून केलेल्या डवऱ्यातून ती वाटी-वाटीनं हंडा भरायची आणि टेकडी चढून यायची. त्याला बाळंतपणाआधी दारात पाणी पाहिजे होतं.

वरची आळी म्हणाली, "सगळी विहीर ठेकेदाराला द्या."

"का? आमचे हात काय झडलेत?" खालची आळी.

खाली काय लागणार ते कुणालाच ठाऊक नाय. मग वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं पान जमवत दोघांचं मन राखलं. "माती हाय तवर आपण खणू. कातळ लागला का ठेकेदार. कसं?"

"बराबर," सगळे म्हणाले. मी पण.

कातळ लागला, आमी टोपल्या उचलून वर आलो. मातीच्या कडेला दगड कुणी बांधायचे, हे कुणी बोललंच नव्हतं. आमाला वाटलं, ठेकेदार बांधील. त्याला वाटलं, माती वाडीची तर कडही वाडीची. त्यानं सुरुंग लावले. काम लवकर उरकावं म्हणून भाऊ त्याच्याकडं रोजावर राहिला. सुरुंग उडाल्यावर दगड भरायला उतरला. वरची कड हादरून सुटलेली. ती पडली तेव्हा आवाजही फार झाला नाय. पोतं रिकामं केल्यासारखा.

भावाचं बारावं झाल्यावर पुन्हा बैठक. विहीर पुरी करायची का बुजवायची? सगळे खाली मान घालून सुपारी कातरत होते. एकानं माझ्याकडं बघितलं, काय गंमत करतो का म्हणून. माझ्या तोंडून कुणाचाच आवाज निघंना.

बाया बैठकीत बोलत नसत. वहिनी जड पोटानं मेढीच्या खांबाला धरून उभी होती.

"या खेपेला एकाच्याच हातात द्या," ती म्हणाली. "कोणाच्या बी द्या. पुन्हा काय झालं तर कोणाच्या दारात जाऊन रडायचं, ते तरी कळंल."

कुणी 'नाय' म्हटलं नाय.

ठेकेदारानं कड बांधून विहीर पुरी केली. पाणी गोड लागलं. वहिनी मात्र पोराला पाठीशी बांधून ओढ्यावरच जायची. एकदा मी म्हटलं, "वयनी, पाणी दारात हाय ना गो."

"असूं दे," ती वाटी बुडवत म्हणाली. "ह्यो डवरा मी एकटीनं उकरलाय."