धनराजचा फ्लू

"ट्रान्सप्लांट रुजलं, पण टी-सेल अजून आलेल्या नाहीत," हैदराबादच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्या नांदेडच्या, आमच्याशी मराठीतच बोलायच्या. मला रक्ताचा कॅन्सर. धाकट्या भावाच्या, धनराजच्या, मूळपेशी माझ्या अंगात घातलेल्या. आता सुटले, असं मी धरून चालले होते. कसलं काय!

टी-सेल म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या नसल्या की लस टोचूनही फारसा उपयोग नाही. आणि वॉर्डात इन्फ्लुएंझा, म्हणजे आपला फ्लू, शिरला होता. शेजारच्या खोलीतल्या बाईला आधी नुसता खोकला होता. मग व्हेंटिलेटर. मग एका सकाळी तिची खोली फिनाईलनं धुवून घेत होते. मी शाळेत पोरांना धाकात ठेवणारी बाई, पण त्या दिवशी मी दाराकडे पाठ करून बसले.

मॅडमनी एका नव्या प्रयोगाबद्दल सांगितलं. दात्याच्या, म्हणजे धनराजच्या, रक्तातून फ्लू ओळखणाऱ्या टी-सेल निवडायच्या, लॅबमध्ये वाढवायच्या आणि मला द्यायच्या. "गॅरंटी नाही. त्या तुमच्यावरच उलटूही शकतात." याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट म्हणतात, परक्या पेशी आपलीच कातडी, आतडी, लिव्हर पोखरतात. मी सही केली. दुसरं करणार काय?

इंद्रवेल्लीकडच्या आमच्या गावातून धनराज कापसाची वेचणी सोडून आला, बायकोला, सुनंदाला घेऊन. मॅडमनी त्याला विचारलं, "अलीकडे फ्लू झाला होता?"

"मले? मले कधी शिंक बी येत नाही," तो छाती काढून म्हणाला.

मॅडमचा चेहरा उतरला. ज्याला नुकताच फ्लू होऊन गेला, त्याच्या रक्तात या पेशी जास्त सापडतात. धनराजकडे पुरेशा नसतील तर दुसरा दाता शोधायचा, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही, म्हणाल्या.

मान खाली घालून बसलेली सुनंदा एकदम बोलली, "अवो, खोटं काऊन बोलून राह्यले? मांगच्या हिवाळ्यात तापानं फणफणत नव्हते का? आदिलाबादले तपासलं तं फ्लूच निघाला होता."

धनराज रडायलाच लागला. "बिमार माणसाचं रक्त ताईले चालत नसंल, मले वापस पाठवतीन, असं वाटलं."

मूर्ख कुठला! मास्कमधूनच मी त्याला शिव्या घातल्या. म्हणून सांगते, तुमच्यावर ही वेळ आली तर रक्त देणाऱ्याला आजार लपवू देऊ नका.

पेशी वाढेपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. दाराबाहेर कुणी खोकलं की मी पांघरूण नाकावर ओढायची. अखेर त्या पेशींची छोटीशी पिशवी आली आणि चहा निवायच्या आत संपली. मग रोज हातांची कातडी न्याहाळायची. पुरळ उठलं तर पेशी उलटल्या. पुरळ उठलं नाही.

ताप मात्र आला. नाकातल्या नमुन्यात इन्फ्लुएंझा. मनातल्या मनात मी सगळ्यांचा निरोप घेतला. ऑक्सिजन घसरला, थांबला, हळूहळू वर आला. "रक्तात भावाच्या पेशी वाढल्यात," मॅडम म्हणाल्या. "फ्लूच्या औषधाचाही हात असेल. पण फ्लू रूप बदलतो. पुढच्या वेळी या त्याला ओळखतीलच असं नाही."

मी आदिलाबादला घरी आले, तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आता पुन्हा हिवाळा लागलाय. गल्लीत घरोघर खोकला, आमचं दार बंद. काल धनराजचा फोन आला. आवाज बसलेला, पण गडी खुशीत.

"ताई, यंदा बी फ्लू झाला मले! रिपोर्ट जपून ठेवला हाय. डाक्टरबाईले इचार, रक्त द्याले कवा येऊ?"