गोपाळचा ळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. आमच्या मोहल्ल्यात पोराला जरा ताप आला की ताईत आणायला धावतात. मी आधी थर्मामीटर शोधणारा माणूस. त्यातून धंदा कॉम्प्युटरचा. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर हसा... दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलोच असतो.

मी सलीम. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं आणि गोपाळचं डीटीपीचं दुकान. गोपाळ इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचा. त्याच्या आबांकडं पूर्वी मेंढरं होती, आता ऊस. टायपिंगच्या क्लासला आमची ओळख झाली आणि दोघांनी मिळून एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि पुण्याच्या एका कंपनीचं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर घेतलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं, मिळेल ते काम करायचो.

सगळं झकास चालायचं, फक्त ळ छापला जायचा नाही.

स्क्रीनवर दिसायचा, पण कागदावर ती जागा कोरी. एका अक्षरानं काय अडतंय, असं वाटेल तुम्हाला. एखादी पत्रिका काढून बघा — स्थळ, वेळ, सकाळी, मंगळवार, मंडळी! आमच्या पहिल्याच पत्रिकेत 'शे गाव' असं आलं. प्रेसमध्ये छापणाऱ्याला वाटलं, मधली फट चुकून राहिलीय. त्यानं इमानदारीत ती मिटवून टाकली. नवरदेवाचे चुलते दुकानात येऊन कडाडले, "लगीन शेळगावात हाय का इदर्भात? पावणं रेल्वेचा टाइम इचारायला लागल्यात!"

कंपनीला फोन लावला. तिकडचा साहेब म्हणाला, "तुमचं व्हर्जन जुनं आहे. नव्यात दुरुस्त केलंय. अपडेट मारून घ्या."

मारून घ्या म्हणे! म्हणजे एसटीनं पुण्याला जायचं, साहेब जागेवर असला तर पाच फ्लॉप्यांचा संच घ्यायचा आणि परत यायचं. पहिली फ्लॉपी चालायची, दुसरी चालायची, तिसरीला मशीन घरघरायचं आणि स्क्रीनवर तेच तीन शब्द... ॲबॉर्ट, रिट्राय, फेल. गोपाळ दर वेळी म्हणायचा, "आपुन रिट्राय." पुन्हा पुण्याला. तिथं त्यांच्या मशीनवर तीच फ्लॉपी सुरळीत चालायची. साहेब विचारायचा, "स्पीकरजवळ ठेवली होती का? लोहचुंबकानं जाते." मग गोपाळ भाकरीचा डबा धुऊनपुसून त्यात फ्लॉप्या ठेवून, डबा मांडीवर धरून यायला लागला. ड्रायव्हरनं टेप लावला तर सीट बदलायचा. तरी तिसरी फ्लॉपी काही चालली नाही.

तोवर धंदा टिकला तो गोपाळच्या हातामुळं. प्रेसला द्यायच्या बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि कोऱ्या जागी त्यानं काळ्या शाईच्या बारीक पेननं एकेक ळ काढायचा. डावं पोट मोठं, उजवं बारकं, जरा खाली उतरलेलं. दोन्ही सारखी त्याला कधी जमलीच नाहीत. मी कुरकुर केली की म्हणायचा, "सल्या, तुझ्या नावात ळ न्हाय, म्हणून तुला फिकीर न्हाय. माझं नाव बग कसं छापतंय — गोपा! गवळणीनं हाक मारल्यावानी."

शेवटच्या खेपेहून तो आला तो ताप घेऊनच. आधीच्या एखाद्या खेपेत स्वारगेटला कसलं पाणी प्यायला होता, कुणास ठाऊक. डोळे पिवळे झाले. कावीळ. गावात झाडपाला झाला, मग बारामतीचा दवाखाना, मग पुण्याचा. मी भेटायला गेलो तर विचारतो, "तिसरी चालली का रं?" मी म्हटलं, "चालली." खोटं बोललो, पण त्याला बरं वाटलं. दोन दिवसांनी तो गेला. माझ्या बरोबरीचा, अजून लग्नही न झालेला.

दशक्रियेची पत्रिका छापायला आबा स्वतः दुकानात आले. फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाकी कायबी ऱ्हाऊ दी सलीम. पोराचं नाव तेवढं पुरं येऊ दी. आर्धं नगं." आबांना लिहायवाचायला येत नाही, पण पोराच्या नावातलं एक अक्षर मशीन खातं, हे त्यांनी त्याच्याकडूनच ऐकलं होतं.

मी टाइप केलं, प्रिंट काढली. आता ळ काढायचे ते मलाच. पेन हातात घेतलं, टोपणही काढलं नव्हतं, आणि कागद दारातल्या उजेडात धरला. 'वेळ' कोरा. 'सकाळी' कोरा. 'स्थळ', 'शेळगाव' कोरे. आणि वर, फोटोच्या जागेखाली — गोपाळ. पुरा! डावं पोट मोठं, उजवं बारकं, जरा खाली उतरलेलं.

बोट ओलं करून त्यावर फिरवलं. आमच्या पेनची शाई लगेच फिसकटायची. हा ळ हलला नाही; प्रिंटरमधूनच आलेला होता. मी घाईघाईनं दुसरी प्रत काढली. तिच्यात 'गोपा', आणि पुढं कोरं.

"काय झालं रं?" आबांनी विचारलं. मी पहिला कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बोट बरोबर त्याच अक्षरावर नेलं आणि तसंच अधांतरी धरून ठेवलं.

"ही तर आमच्या मेंढराची खूण," ते म्हणाले. "बारका हुता तवा ह्योच काढायचा, गेरूनं, मेंढरांच्या पाठीवर. डावं वाटुळं मोठं, उजवं बारकं. किती येळा सांगितलं, सारखी काढ बाबा. न्हाय ऐकलं." मग ते खाली फरशीवर बसले आणि रडले. तोवर ते रडले नव्हते.

बाकीचे ळ मी काढले, वेडेवाकडे. पत्रिका त्याच कागदावरून छापली.

जाणकार म्हणतात, प्रिंटरच्या मेमरीत काहीतरी अडकलं असेल. पण गोपाळचा हात प्रिंटरच्या मेमरीत शिरेल कसा? काही म्हणतात, दुःखाच्या भरात तूच काढला असशील. तसं असतं तर बरं झालं असतं, निदान झोप तरी लागली असती. दोन वर्षं झाली, मला काही उलगडलेलं नाही.

दशक्रियेनंतर काही दिवसांनी कंपनीनं कुरिअरनं नवा संच पाठवला. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर घालून बघितला. तिसरी फ्लॉपीही चालली, ळ छापला गेला, दोन्ही पोटं सारखी. माझ्या मशीनवर मात्र मी तो टाकलेला नाही. गिऱ्हाइकं वैतागतात, धंदा निम्मा उरलाय. रोज दुकान उघडलं की आधी त्याचं नाव टाइप करून एक प्रिंट काढतो. 'गोपा' येतं, पुढं कोरं. अपडेट टाकलं तर तिथं रोज ळ येईल, पण कंपनीचा. मग एखाद्या दिवशी त्यानं काढला, तर मला कळणार कसं?